बी.डी.एस.नंतरची वाट : एम.डी.एस. प्रवेशाची तयारी आणि आपली जबाबदारी

(सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात शिष्यवृत्ती समितीच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



दंतवैद्यकाच्या शिक्षणावर एका कापड व्यापाऱ्याने बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. मलाही वाटले. मी १९८० साली बी.कॉम. झालो, तेही नागपूर विद्यापीठाचा, कारण अमरावतीचे विद्यापीठ त्यानंतर तीन वर्षांनी, १९८३ साली स्थापन झाले. तेव्हापासून माझे आयुष्य ताके मोजण्यात आणि उधारीच्या वह्या सांभाळण्यात गेले. दातांविषयी माझे ज्ञान म्हणजे ते दुखतात, एवढेच. परंतु गेली चौदा वर्षे मी आपल्या ट्रस्टच्या शिष्यवृत्ती समितीवर आहे. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांचे अर्ज आणि त्यांच्या पालकांशी झालेली बोलणी यांतून जे शिकलो, ते आज आपल्यापुढे ठेवावे अशी अध्यक्षांची आज्ञा झाली. शिवाय या विषयात मी स्वतः एक मोठी चूक केलेली आहे. तीही सांगणार आहे, कारण ती झाकून ठेवून दुसऱ्यास उपदेश करणे मला जमणार नाही.

आपल्या भागातील परिस्थिती प्रथम ध्यानात घ्यावी. आमच्या तरुणपणी वऱ्हाडातल्या मुलाला दंतवैद्य व्हायचे असेल तर नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय गाठावे लागे. आज अमरावतीस विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालय आहे, अकोल्याजवळ कान्हेरीस आहे, वर्ध्याजवळ सावंगी मेघे येथे आहे, नागपुरात तर अनेक आहेत. त्यामुळे बी.डी.एस. होणे पूर्वीइतके दुर्मीळ राहिलेले नाही. चार वर्षांचा अभ्यास व एक वर्षाची इंटर्नशिप पूर्ण करून दरवर्षी कितीतरी मुले-मुली बाहेर पडतात. अकोल्यात एकाच रस्त्याने चालत गेलो तर चार दवाखान्यांच्या पाट्या दिसतात, आणि चारही डॉक्टर दात काढतात, सिमेंट भरतात, रूट कॅनाल करतात. ज्या बाजारात सगळ्या दुकानांत एकच माल असतो, तेथे भाव कोण ठरवते हे मी आपणांस सांगावयास नको. म्हणूनच आज बी.डी.एस. झालेल्या विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो एम.डी.एस.चा.

एम.डी.एस. हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम असून त्याच्या नऊ शाखा आहेत. वेडेवाकडे दात सरळ करणारी ऑर्थोडॉन्टिक्स, रूट कॅनाल व दात वाचविण्याची एंडोडॉन्टिक्स, कवळी आणि कृत्रिम दातांची प्रोस्थोडॉन्टिक्स, जबड्याच्या शस्त्रक्रियेची ओरल सर्जरी, हिरड्यांची पेरिओडॉन्टॉलॉजी, लहान मुलांच्या दातांची पेडोडॉन्टिक्स. यांखेरीज ओरल मेडिसिन व रेडिओलॉजी, ओरल पॅथॉलॉजी आणि सार्वजनिक दंतआरोग्य. गुणवत्ता यादीत वर असलेली मुले सामान्यतः यांपैकी पहिल्या तीन-चार शाखा उचलतात आणि शेवटच्या दोन शाखांच्या जागा पुष्कळदा रिकाम्या राहतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पालकांचा सर्वांत मोठा गैरसमज येथेच असतो. एम.डी.एस.ची कोणतीतरी जागा मिळणे आज फारसे अवघड नाही. अलीकडच्या काही वर्षांत जागा भरल्या नाहीत म्हणून शेवटच्या फेऱ्यांसाठी पात्रतेची रेषा खाली आणावी लागली. अवघड आहे ते हवी ती शाखा, परवडेल त्या शुल्कात, म्हणजे शक्यतो शासकीय महाविद्यालयात मिळविणे. "माझा मुलगा पात्र झाला" म्हणून पेढे वाटणारे पालक मी पाहिले आहेत. पात्र होणे म्हणजे दुकानाच्या पायरीवर उभे राहणे होय. आत काय घेता येईल, ते गुणानुक्रम ठरवितो.

आता परीक्षेविषयी. पूर्वी या प्रवेशाचा मोठा गोंधळ होता. अखिल भारतीय जागांची परीक्षा वेगळी, राज्याची वेगळी, खासगी महाविद्यालयांच्या संघटनेची असो-सीईटी वेगळी आणि अभिमत विद्यापीठांच्या आणखी वेगळ्या. एका मुलाच्या अर्जांच्या शुल्कातच पालकाचा महिन्याचा नफा जाई. देशभर एकच परीक्षा असावी म्हणून नीट आली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली, २०१६ साली तोच निर्णय मागे घेतला, आणि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन एम.डी.एस.साठी नीट-एमडीएस ही एकच परीक्षा कायम झाली. एम्ससारख्या काही राष्ट्रीय संस्थांची आयएनआय-सीईटी मात्र निराळी असून ती वर्षातून दोनदा होते. हुशार विद्यार्थ्याने तिचाही अर्ज भरावा.

नीट-एमडीएसमध्ये २४० प्रश्न आणि तीन तास असतात. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. २०२४ पासून प्रश्नपत्रिकेचे दोन भाग केले आहेत : पहिल्यात १०० प्रश्न व ७५ मिनिटे, दुसऱ्यात १४० प्रश्न व १०५ मिनिटे. पहिल्या भागाचा वेळ संपला की मागे फिरता येत नाही. त्या भागात प्रामुख्याने शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र असे पायाभूत विषय येतात. जे विद्यार्थी "ते पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे होते, आता कोण वाचतो" असे म्हणतात, त्यांची फसगत येथे होते.

बरोबर उत्तरास ४ गुण, चुकीच्या उत्तरास १ गुण वजा, एकूण ९६० गुण. या वजाबाकीची मुलांना फार भीती वाटते. आमच्या घरातील एक मुलगी पहिल्या प्रयत्नात ५० प्रश्न कोरे सोडून आली. मी तिला कागद घेऊन बसविले. प्रश्नास चार पर्याय. अगदी डोळे मिटून चार प्रश्नांना खूण केली तर सरासरीने एक बरोबर येईल, तीन चुकतील. चार जमा, तीन खर्च, तरी एक गुण शिल्लक. अभ्यासाने दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत हे कळले आणि उरलेल्या दोघांतून एक निवडला, तर अशा दोन प्रश्नांतून सरासरी चार जमा, एक खर्च, म्हणजे तीन गुण शिल्लक. असे ४० प्रश्न असतील तर ६० गुणांचा फरक पडतो, आणि त्या यादीत ६० गुण म्हणजे शाखा बदलणे होय. मी डोळे मिटून खुणा करा असे सांगत नाही. अर्धे माहीत असलेले प्रश्न भीतीने सोडू नका, एवढेच सांगतो. बी.कॉम.चा मला मुलांसाठी झालेला हा एकमेव उपयोग.

तयारी कधी सुरू करावी? पालक विचारतात, "इंटर्नशिपमध्ये केली तर चालेल ना?" माझे उत्तर असे की, इंटर्नशिपमध्ये उजळणी होते, तयारी होत नाही. पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरताना ज्याने दाताचा प्रत्येक उंचवटा आणि खाच मनात बसवली, त्याला चौथ्या वर्षी रूट कॅनालच्या प्रश्नात दाढेला किती नलिका असतात हे पाठ करावे लागत नाही. चौरसियांची शरीररचना, त्रिपाठींचे औषधशास्त्र, शेफरची ओरल पॅथॉलॉजी, फिलिप्सचे दंतसामग्रीशास्त्र, ही मूळ पुस्तके त्या-त्या वर्षी नीट वाचावीत. समितीपुढे आलेली मुले पहिल्याच वर्षी प्रश्नसंचांचे जाड ठोकळे विकत घेतात आणि मूळ पुस्तक वाचनालयात धूळ खाते. डेंटल पल्ससारखे प्रश्नसंच उपयोगी आहेत. परंतु ते माप तपासण्याचा गज आहेत, कापड नव्हेत.

यश मिळविलेल्या आपल्या मुलामुलींना मी एकेकटे बसवून विचारले आहे. त्यांच्या सांगण्यात एक गोष्ट समान निघाली : चुकांची वही. सराव परीक्षेत जो प्रश्न चुकला, तो तारखेसह वहीत उतरवावा, का चुकला ते एका ओळीत लिहावे. माहीत नव्हते, वाचण्यात घाई झाली, की दोन नावांत गोंधळ झाला. दर रविवारी वही उघडून पुन्हा सोडवावे आणि जमलेला प्रश्न खोडावा. मला हे ऐकून हसू आले, कारण ही तर आमची उधारीची वही झाली! जो दुकानदार रोज संध्याकाळी येणे बाकी पाहतो, त्याचे पैसे बुडत नाहीत. जो दिवाळीला एकदाच वही उघडतो, त्याची गिऱ्हाइके गाव सोडून गेलेली असतात.

शिकवणीविषयी मी फार बोलणार नाही. आता त्या मोबाइलवर आल्या आहेत, नागपूर-पुण्यास खोली करून राहावे लागत नाही, हे चांगले झाले. मात्र तीन-तीन ठिकाणचे वर्ग घेऊन एकही पूर्ण न करणारे विद्यार्थी पाहिले आहेत. एक निवडा आणि शेवटपर्यंत न्या.

रुग्णांकडे दुर्लक्ष करू नका, हे मात्र आवर्जून सांगतो. आमच्या वऱ्हाडात खर्ऱ्याने काय अनर्थ केला आहे, हे आपण सर्व जाणता. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण पानठेल्यावर सुपारी-तंबाखू घोटणे काही थांबले नाही. सुपारीने गालाच्या आतील कातडी कडक होऊन तोंड उघडेनासे होते, त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. अकोल्यात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला सांगितले की, तिच्यापुढे खुर्चीत बसलेला पंचविशीतला तरुण म्हणाला, "बाई, भाकरीचा घास जात नाही ना तोंडात, पातळ करून खातो मी." तिने त्याचे तोंड किती मिलिमीटर उघडते ते मोजले, त्याचा इतिहास लिहिला, पुढच्या भेटीला पुन्हा मोजले. त्या आजाराचे टप्पे, त्याची औषधे, त्याची शस्त्रक्रिया यांवरचा एकही प्रश्न तिचा पुढे चुकला नाही. जे मुंबईच्या विद्यार्थ्याला चित्रात पाहावे लागते, ते आपल्या मुलांपुढे रोज येऊन बसते. आयसीएमआरची पदवी विद्यार्थ्यांसाठी अल्पमुदतीची संशोधन योजना आहे, तिला बी.डी.एस.चे विद्यार्थीही अर्ज करू शकतात. असा विषय घेऊन तिच्यासाठी प्रस्ताव लिहावा. नीटच्या गुणांत त्याने भर पडत नाही, परंतु पुढे प्रबंध लिहिताना आणि परदेशी अर्ज करताना ते कामास येते. आणि ओरल पॅथॉलॉजीला हसणाऱ्या पालकांना मी विचारतो, की त्या तरुणाच्या गालाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कर्करोग आहे की नाही हे सांगणार कोण? त्या शाखेत दवाखान्याची कमाई कमी असते, हे खरे आहे. ते लपवीत नाही. पण ज्याला त्यात खरोखर रस आहे, त्याला घरच्यांनी अडवू नये.

परीक्षेनंतरचे कामही तितकेच महत्त्वाचे आणि त्यात आपली व्यापारी मंडळी मुलांना मदत करू शकतात. शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून दिल्लीची एमसीसी भरते, अभिमत विद्यापीठांच्या जागाही तीच भरते. राज्याच्या व खासगी महाविद्यालयांच्या जागा मुंबईचा सीईटी कक्ष भरतो. दोन्ही ठिकाणी नोंदणी करावी लागते. पसंतीक्रम भरताना मनातला खरा क्रम लिहावा. वरची इच्छा लिहिल्याने खालची हातची जात नाही. मात्र पुढच्या फेरीत वरची जागा मिळाली की आधीची आपोआप सुटते, म्हणून जे नको आहे ते यादीत लिहूच नये. नको तो माल ऑर्डरमध्ये लिहिला आणि ट्रक दारात आला की उतरवून घ्यावाच लागतो. पहिल्या फेरीतील जागा सोडता येते, पुढे पुढे अनामत रक्कम जप्त होते. नियमांची पुस्तिका दरवर्षी बदलते, ती स्वतः वाचावी. "माझ्या मावसभावाने सांगितले" यावर जाऊ नये.

कागदपत्रांत आपल्या समाजाची एक विशेष अडचण आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव "जैन", आधारवर गोत्राचे, वडिलांच्या पॅनवर तिसरेच. हे प्रवेशाच्या दिवशी नव्हे, दोन वर्षे आधी दुरुस्त करून घ्यावे. तसेच इंटर्नशिप पूर्ण होण्याची अंतिम तारीख दरवर्षी जाहीर होते. एखाद्या विषयात नापास होऊन इंटर्नशिप उशिरा सुरू झालेल्या मुलाचे त्या तारखेमुळे वर्ष जाऊ शकते.

आणखी एक, थोडे नाजूक. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे आणि जे इतर कोणत्या आरक्षणात बसत नाही, त्यांना २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकाचे १० टक्के आरक्षण उपलब्ध आहे, एम.डी.एस.च्या अखिल भारतीय जागांत ते २०२१ पासून लागू झाले. शेतजमीन आणि घराच्याही मर्यादा आहेत, त्या तपासून घ्याव्यात. आपल्यात असा समज आहे की जैन म्हणजे श्रीमंत. बंधूंनो, कापड बाजारात दुसऱ्याच्या गादीवर मुनीम म्हणून बसणारे, बिझीलँड-सिटीलँडमध्ये गठ्ठे बांधणारे आपलेच साधर्मिक आहेत. त्यांच्या मुलींनी हे प्रमाणपत्र काढावयास तहसीलमध्ये गेले तर त्यात लाज कसली? दोन वर्षांपूर्वी एका पालकाने "लोक काय म्हणतील" म्हणून ते काढले नाही, आणि नंतर खासगी महाविद्यालयाच्या शुल्कासाठी आपल्याच ट्रस्टकडे कर्ज मागावयास आले. जैन समाजाला २०१४ साली केंद्राने अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले आहे, त्यामुळे अल्पसंख्याकांसाठीच्या शैक्षणिक कर्जाच्या योजनांकडेही पाहावे.

काही माता विचारतात, अमेरिकेचे काय? तिकडे विशेष शिक्षणास रेसिडेन्सी म्हणतात आणि तेथे एका परीक्षेवर निर्णय होत नाही. महाविद्यालयातील गुण, प्राध्यापकांची शिफारसपत्रे, संशोधन, मुलाखत, ओरल सर्जरीसाठी निराळी मूलविज्ञानाची परीक्षा, हे सर्व पाहतात आणि मग विद्यार्थी व संस्था यांच्या पसंतीयाद्या जुळवून जागा देतात. आपल्या बी.डी.एस. पदवीधरांपैकी बहुतेकांना आधी आयएनबीडीई उत्तीर्ण होऊन तेथील दंत महाविद्यालयात दोन-तीन वर्षे पुन्हा शिकावे लागते, त्यानंतर रेसिडेन्सीचा विचार. खर्च प्रचंड आहे. ज्याला तिकडे जायचे आहे त्याने पहिल्या वर्षापासून गुण आणि प्राध्यापकांशी संबंध जपावेत. येथे नीटमध्ये जमले नाही म्हणून तिकडे जाऊ, असा तो मार्ग नाही.

हेही ध्यानात ठेवा की २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत झाला. त्यात बी.डी.एस.च्या अखेरीस देशभर एक समान नेक्स्ट परीक्षा घेण्याची तरतूद असून एम.डी.एस.चा प्रवेशही तिच्या गुणांवर द्यावयाचा आहे. आता पहिल्या वर्षात असलेल्यांनी त्या घोषणांवर लक्ष ठेवावे. पायाभूत विषय पक्के असलेल्याला परीक्षेचे नाव बदलल्याने फरक पडणार नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो.

माझी मोठी मुलगी २००८ साली बी.डी.एस. झाली. वर्गात तिचे स्थान वरचे होते, ऑर्थोडॉन्टिक्स करण्याची तिची इच्छा होती. इंटर्नशिपच्या सहाव्या महिन्यात मी आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिच्यासाठी दवाखाना बांधावयास काढला. खुर्ची आणली, कॉम्प्रेसर आणला, उद्घाटनाच्या पत्रिका छापल्या. मला वाटे, बाप म्हणून मी केवढे मोठे काम करीत आहे! ती दिवसा रुग्णालयात, संध्याकाळी मी तिला टाइल्सचा रंग विचारणार, रात्री तिची आई स्थळांच्या पत्रिका दाखविणार. परीक्षेला अवघे दोन महिने वाचून बसली आणि व्हायचे तेच झाले. तिने एक वर्ष मागितले. मी म्हणालो, "लोक विचारतील, पोरगी घरी का बसली आहे?"

त्यानंतर मी त्याहून वाईट केले. एका परिचिताने एक दलाल आणून दिला, तो एका ठिकाणी व्यवस्थापनाची जागा मिळवून देतो म्हणाला. मी मुलीला न विचारता त्याला लाख रुपये दिले. जागा मिळाली नाही, पैसे निम्मेच परत आले. ज्या माणसाने आयुष्यात हातात घेऊन पाहिल्याशिवाय कापडाचा ताका घेतला नाही, त्याने मुलीच्या शिक्षणाचा सौदा पावतीशिवाय केला. पुढच्या वर्षी तिचे अमरावतीस लग्न झाले. दवाखान्याच्या खुर्चीवर मी आमच्याच दुकानातील मांजरपाटाची चादर टाकली, ती सात वर्षे तशीच होती. मुलीने मला दोष दिला नाही. एकदाच म्हणाली, "बाबा, तुम्ही मला सगळं दिलंत, फक्त एक वर्ष दिलं नाही."

२०२२ साली माझ्या धाकट्या भावाची मुलगी त्याच वळणावर आली. मघाशी सांगितले, ५० प्रश्न कोरे सोडून आली ती हीच. भाऊ दवाखान्याचे बोलू लागला तेव्हा मी त्याला हात जोडले. तिला वर्ष दिले, घरात कोणी लग्नाचा विषय काढायचा नाही असे ठरले, पाहुण्यांना "ती अभ्यास करते आहे" एवढेच उत्तर. सकाळी सहा ते दहा पायाभूत विषय, दुपारी प्रश्न, सूर्यास्तापूर्वी जेवण, रात्री चुकांची वही. रोज संध्याकाळी माझी मोठी मुलगी अमरावतीहून तिला फोनवर वीस प्रश्न विचारी. चौदा वर्षे पुस्तक मिटलेले असूनही निम्म्या उत्तरांची कारणे तिला तोंडपाठ होती, हे ऐकून मी दुसऱ्या खोलीत उठून गेलो. पुतणीला दुसऱ्या प्रयत्नात शासकीय महाविद्यालयात एंडोडॉन्टिक्स मिळाले.

यावरून विश्वस्त मंडळापुढे माझी एक मागणी आहे, आणि ती मी या सभेत मुद्दाम मांडतो. आपल्या शिष्यवृत्तीच्या नियमांत पदवी हाती पडताच मदत थांबते. पन्नास वर्षांपूर्वी तो नियम योग्य होता, कारण तेव्हा पदवी म्हणजे नोकरी होती. आज पदवी आणि एम.डी.एस. यांच्या मधले जे एक वर्ष असते, त्यात विद्यार्थी कोणत्याही महाविद्यालयाचा नसतो, त्याला बोनाफाइड मिळत नाही, म्हणून आपला अर्ज भरता येत नाही. नेमक्या त्याच वर्षी मुले वडिलांच्या दुकानात बसतात आणि मुलींची लग्ने होतात. या वर्षासाठी बिनव्याजी मदत द्यावी, ती एकदाच द्यावी, आणि दर तीन महिन्यांनी विद्यार्थ्याने सराव परीक्षांचे गुण समितीला दाखवावेत. काही विश्वस्तांचे म्हणणे आहे की, घरी बसणाऱ्याला पैसे कसे द्यायचे, उद्या सगळेच घरी बसतील. त्यांची शंका खोटी नाही. म्हणूनच तीन महिन्यांची अट घातली आहे. गुण वाढत नसतील तर मदत थांबवावी आणि विद्यार्थ्याला दवाखान्याचा मार्ग मोकळा करून द्यावा. एक प्रयत्न प्रामाणिकपणे देणे योग्य, चौथा-पाचवा देत राहणे योग्य नव्हे, असे माझेही मत आहे. सध्या असे तीन अर्ज माझ्याकडे पडून आहेत, त्यांपैकी दोन मुलींचे आहेत, आणि त्यांतील एकीच्या वडिलांनी मला परवाच विचारले की चांगले स्थळ आले आहे, काय करू. मी त्यांना पुढील बैठकीपर्यंत थांबावयास सांगितले आहे. बैठक या महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे.

त्याच रविवारपासून दंतवैद्यकाच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी सकाळी नऊ वाजता या सभागृहाच्या मागील खोलीत सराव परीक्षा सुरू होत आहे. अमरावतीहून माझी मुलगी येणार आहे. येताना चुकांसाठी एक कोरी वही आणावी. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी आमच्या दुकानातून घेऊन जावी, वहीपूजनाच्या वेळच्या बऱ्याच शिल्लक आहेत.

जय जिनेंद्र!